मिरियम ऊर्फ मीरा

दत्तात्रेय निगडे रोह्याचे नगराध्यक्ष झाले, त्याचं गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. लोक उघडच म्हणत की निम्मी मतं मीरावहिनींची आहेत. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाला विधवा पेन्शनचा अर्ज भरायचा असला की माणसं नगरपरिषदेत जाण्याआधी निगड्यांच्या ओसरीवर येत. वहिनी चष्मा लावून कागद वाचत, काय कमी आहे ते सांगत आणि गरज पडली तर चपला घालून बरोबर निघत.

त्यांचं खरं काम मात्र जांभूळवाडीतलं होतं. रोह्यापासून वर डोंगराच्या कुशीत कातकऱ्यांची पन्नासेक घरं होती. तिथल्या बायकांपैकी अर्ध्याअधिकांकडे आपण कोण, कधी जन्मलो, याचा एकही कागद नव्हता. कुणी वीटभट्टीवर जन्मलेली, कुणी कोळशाच्या भट्टीवर. दाखला नाही म्हणून पोरांना वसतिगृह नाही, घरकुल नाही. दत्तात्रेय साधे नगरसेवक होते तेव्हापासून वहिनी या बायकांच्या मागे लागून, शाळांच्या जुन्या रजिस्टरांत बोट फिरवून, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेऊन दाखले काढून देत होत्या. वाडीतली पारी बचत गटाची प्रमुख होती. ती म्हणायची, "वयनींनी आमाला सरकारला दाखवलं."

पण खुद्द वहिनींबद्दल पारीला, किंबहुना गावातल्या चाळिशीच्या आतल्या कुणालाच, एक गोष्ट माहीत नव्हती. त्यांचं नाव मीरा नव्हतं. नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या एझ्रा अष्टमकरांची ती थोरली मुलगी, मिरियम. एझ्रांचा तेलाचा घाणा होता. ते ज्यू, शनिवारी त्यांचा घाणा बंद राहायचा, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणायचे. मिरियमला एक भाऊ होता, निसीम, आणि एक धाकटी बहीण, तामार.

छत्तीस वर्षांपूर्वी अष्टमकरांनी इस्रायलला जायचं ठरवलं. त्यांच्या आधी समाजातली बाकीची घरं गेलीच होती. घाणा विकला, घर विकलं. तेव्हा मिरियम एकवीस वर्षांची होती, आणि आपण दत्तात्रेयशी लग्न करणार आहोत, इथेच राहणार आहोत, असं तिने घरी सांगितलं. एझ्रा रागीट नव्हते. ते एवढंच म्हणाले, "मग आम्हाला दोनच पोरं." त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. आठच दिवसांत दत्तात्रेयच्या आईने देवळात लग्न लावून दिलं. भटजींनी नाव विचारलं तर सासूबाईंनीच सांगितलं, मीरा. मिरियमने मान खाली घातली. तिला वाटलं, नावच तर आहे.

घरची माणसं जाणार त्या दिवशी सकाळी ती पूल ओलांडून अष्टमीला गेली होती. घराचं दार बंद होतं. आत भांडी बांधल्याचा आवाज येत होता, आई कुणाला तरी काहीतरी सांगत होती. मिरियम पायरीखाली उभी राहिली. हाक मारावी असं वाटलं, पण बंद दार बघून पाय पुढे होईना. बऱ्याच वेळाने ती मागे फिरली. दुपारच्या एसटीने सगळे मुंबईला गेले. ती दारापर्यंत गेली होती हे तिने दत्तात्रेयलाही कधी सांगितलं नाही.

त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. वडील गेल्याचं तिला मुंबईच्या एका दूरच्या नातेवाइकाकडून कळलं, तेही महिन्यानंतर. त्या दिवशी वाडीवर आरोग्य शिबीर होतं. ती शिबिराला गेली आणि संध्याकाळपर्यंत बायकांची नावं लिहीत बसली.

दत्तात्रेय नगराध्यक्ष झाल्यावर त्यांच्याबरोबर वहिनींचेही फोटो निघू लागले. महिला दिनाच्या कार्यक्रमाचा एक फोटो कुणीतरी फेसबुकवर टाकला. हिरवी साडी, चष्मा, हातात माईक. त्यानंतर पंधरा दिवसांनी एका दुपारी त्यांच्या मोबाइलवर परदेशातून फोन आला.

"मिरी?" पलीकडची बाई म्हणाली.

त्या नावाने छत्तीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

"मी तामार. माझ्या पोरीनं तुझा फोटो शोधला. म्हटलं, ही तर आईच उभी हाय."

तामारचं मराठी होतं तसंच राहिलं होतं, अष्टमीच्या आळीतलं. ती लोद नावाच्या गावात राहत होती. तिने रडारड केली नाही, मागचं काही काढलं नाही. तिला एक अडचण होती आणि ती सांगायलाच तिने फोन केला होता. आई आता नव्वदीला टेकली होती, वृद्धाश्रमात होती आणि सगळं विसरत चालली होती. आधी हल्लीचं विसरली, मग तिकडची भाषाच विसरली.

"आता फक्त मराठी बोलते. होममधल्या बायकांना कळत नाय, माझ्या पोरांना कळत नाय. निसीमला कळतं, पण त्याला ते ऐकवत नाय, तो येतच नाय. मी जाते कामावर. दिवसभर ती बोलत ऱ्हाते आणि कोण उत्तर देत नाय. तू बोलशील काय तिच्याशी?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीन वाजता फोन सुरू झाला. तिकडे तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ असायची. होममधली एक बाई आईच्या समोर फोन उभा करून ठेवायची. पहिल्यांदा पडद्यावर आई दिसली तेव्हा मिरियमला ती ओळखू आली नाही. केस पार विरळ, गाल बसलेले. मग आईने पदर सारखा करावा तसा स्वेटर खांद्यावर ओढला, आणि ओळख पटली.

"कोण गो तू?" आईने विचारलं.

मिरियमने ठरवलं होतं की लगेच नाव सांगायचं. पण आईच्या नजरेत ओळखीचं काही नव्हतं. तिच्यासमोर पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली कुणी परकी बाई होती. मिरियम म्हणाली, "मी रोह्यावरनं बोलतेय."

आईचा चेहरा एकदम उजळला. मग तिने विचारायला सुरुवात केली. नदीला पाणी किती आहे, घाण्याचा बैल लंगडत होता तो बरा झाला काय, पोह्यांचा भाव काय, शेजारणीची सून बाळंत झाली काय. मिरियम सगळ्याची उत्तरं देत गेली. बैल बरा आहे. सुनेला मुलगी झाली. जे आठवत होतं ते सांगितलं, नव्हतं ते रचलं. फोन बंद व्हायच्या आधी आईने आवाज खाली आणला.

"आमची मिरी दिसली काय गो तुला? सकाळपास्नं बाहेर गेलीय. अजून आली नाय."

"येईल," मिरियम म्हणाली.

असं रोज होऊ लागलं. तीन वाजता वहिनी कुठेही असल्या तरी बाजूला होत. बैठक चालू असेल तर उठत, वाडीवर असतील तर जांभळाखाली जाऊन बसत. आईला कधी वाटे ही शेजारीण आहे, कधी वाटे नणंद आहे. तामारला ती मिरी म्हणून हाक मारायची, आणि खऱ्या मिरीला रोज तिचाच पत्ता विचारायची. एकदा मिरियमने धीर करून सांगितलं, "आई, मीच मिरी." आई तिच्याकडे बघत राहिली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाली, "नाय गो बाय. माझी मिरी ल्हान हाय." त्यानंतर मिरियमने पुन्हा सांगितलं नाही.

एक दिवस ती फोन घेऊन पुलावर गेली आणि आईला कुंडलिका दाखवली, अष्टमीचा काठ दाखवला. त्यांच्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत होती, तिकडे तिने फोन वळवला नाही. आईने मान पुढे काढून पाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला ने गो घरी."

त्या संध्याकाळी मिरियमने दत्तात्रेयना सांगितलं की मला आईकडे जायचं आहे. रोजच्या फोनचं त्यांना माहीत होतं. ते लगेच हो म्हणाले. तामारने तिकडून निमंत्रणाचं पत्र पाठवलं, आणि तिथेच घोटाळा झाला. पत्रात लिहिलं होतं, मुलगी मिरियम एझ्रा अष्टमकर. इथे आधार, मतदार ओळखपत्र, बँक, सगळीकडे मीरा दत्तात्रेय निगडे. लग्नाची नोंदणी कधी केलीच नव्हती. जन्म पेणला आजोळी, घरातच झालेला, त्याचीही नोंद नव्हती. शाळेचा दाखला होता, पण तो मिरियमचा. वकिलांनी सांगितलं की ही आणि ती एकच बाई आहे हे दाखवावं लागेल. प्रतिज्ञापत्र करायचं, त्यावर नवऱ्याचीही सही घ्यायची, पेपरात जाहिरात द्यायची, राजपत्रात नाव छापून आणायचं. आणि त्यासोबत घराबाहेरची दोन माणसं हवीत, जी हिला मिरियम म्हणून ओळखत होती आणि मीरा म्हणूनही ओळखतात.

वहिनी ऐकून किंचित हसल्या. हेच त्या वाडीतल्या बायकांना वीस वर्षं समजावत आल्या होत्या.

दत्तात्रेयच्या पक्षातले जुने कार्यकर्ते हैबतराव यांना जाहिरातीचं कळलं तसे ते घरी आले. ते वाईट मनाचे नव्हते. त्यांनी दत्तात्रेयना बाजूला घेऊन सांगितलं की निवडणूक नुकतीच झाली आहे, विरोधकांनी निकालाला आव्हान दिलं आहे, अशा वेळी नगराध्यक्षांच्या बायकोचं नाव दुसरंच होतं, धर्म दुसरा होता, असं पेपरात आलं तर लोक त्याचं काहीही करतील. सुनावणी होईपर्यंत थांबा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दत्तात्रेय थांबले. त्यांनी बायकोला नाही म्हटलं नाही. फक्त सहीचा कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि आज करतो, उद्या करतो, असं म्हणत राहिले.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मिरियमने जेवणाच्या ताटावर विचारलं, "तुम्ही सही का करत नाही?"

दत्तात्रेयनी सगळं सांगितलं.

"तुमच्या आईनं मला मीरा म्हटलं तेव्हा मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "तुम्ही प्रत्येक निवडणुकीला अर्जावर मीरा लिहिलंत, तेव्हाही बोलले नाही. मला कुणी विचारलंच नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तो दोष निम्मा माझा. पण माझी आई आठ दिवस म्हातारी झाली, अहो. तिच्याकडे किती आठवडे आहेत मला माहीत नाही."

दत्तात्रेय ताटावरून उठले आणि खणातला कागद काढून आणला. सही करताना त्यांनी वरचं नाव मोठ्याने वाचलं, "मिरियम." त्यांच्या तोंडी ते नाव लग्नाआधी होतं. बऱ्याच दिवसांनी उच्चारल्यामुळे ते त्यांना नीट म्हणता आलं नाही.

आता दोन साक्षीदार शोधायचे होते. अष्टमीतली जुनी माणसं एकेक करून गेली होती. शाळेतली राणी आठवली, देवळातल्या लग्नालाही ती हजर होती. ती लग्न होऊन पेणजवळ हमरापूरला गेली होती आणि तिथे गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायची. मिरियम तिच्याकडे गेली तेव्हा राणी एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. तिने हात थांबवला नाही, बुबुळ पुरं केलं, मग मान वर केली. "मिरे, एवढी म्हातारी झालीस," ती म्हणाली. रंगाचे हात पुसून तिने सही केली आणि पेणपर्यंत सोबत आली.

दुसरा साक्षीदार मिरियमने शोधला नाही, तो आपणहून मिळाला. वाडीवर पारीला तिने सहज सांगितलं की असा असा माणूस हवा आहे. पारीचा म्हातारा सासरा जनू तिथेच खाटेवर बसला होता. तो म्हणाला, "मी देतो अंगठा. मी घाण्याचा बैल हाकायचो. एझ्राशेठची पोर तू. घाण्याच्या फळीवर बसून गोल गोल फिरायचीस."

पारी तोंडाला पदर लावून बघत राहिली. वहिनी कुणाच्या कोण हे तिला त्या दिवशी कळलं. मिरियमने जनूला विचारलं की इतकी वर्षं मी वाडीत येते, तू कधी बोलला का नाहीस. जनू म्हणाला, "तू मीरा म्हनून येत व्हतीस. म्हटलं, तुला तेच बरं वाटत आसंल."

तहसीलदार कचेरीच्या व्हरांड्यात जनूने शाईचा अंगठा उठवला. त्याच्या स्वतःच्या दाखल्यासाठी याच व्हरांड्यात मिरियमने कधीतरी सही केली होती.

जाहिरात आली. गावात दोन दिवस कुजबुज झाली. एका बैठकीत विरोधकांनी टोमणा मारला, त्यावर दत्तात्रेय म्हणाले की माझ्या बायकोने आपलं नाव छत्तीस वर्षं माझ्यासाठी बाजूला ठेवलं, आता ते ती परत घेतेय, याहून यात काही नाही. बैठक पुढे सुरू झाली. हैबतराव म्हणाले होते तसं काहीच झालं नाही. बायकांचं म्हणाल तर त्यांनी वहिनींना एवढंच विचारलं की आता हाक काय मारायची.

पासपोर्ट आला, व्हिसा मिळाला. तिकीट पुढच्या मंगळवारचं होतं. मिरियमने आईसाठी पोहे घेतले, गूळ घेतला. होममध्ये आपल्या हाताने, घरच्या प्रार्थनेला आई करायची तसा मलिदा करायचा, भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, आणि आईला भरवायचा, असं तिच्या मनात होतं. शनिवारी तिकडे लढाई भडकली. रविवारी विमानं बंद झाली. कधी सुरू होतील ते कुणी सांगू शकत नव्हतं.

दत्तात्रेय दिवसभर फोन करत होते. मुंबई, दिल्ली, ओळखीचे आमदार. शेवटी ते ओसरीवर येऊन बसले. आठ दिवस आधी सही केली असती तर ती मागच्याच मंगळवारी पोचली असती, हा हिशेब दोघांनाही कळत होता. तो कुणी बोलून दाखवला नाही.

तीन वाजताचा फोन मात्र चालू राहिला. कधी मध्येच भोंगा वाजे आणि होममधली बाई खुर्ची ढकलत आईला तळघरात नेई. पडद्यावर नुसती भिंत दिसायची. मिरियम फोन हातात धरून तशीच बसून राहायची.

पाचव्या दिवशी आई खूप थकलेली होती. बोलायला वेळ लागत होता, पण डोळे स्वच्छ होते. तिने नेहमीसारखं नदीचं विचारलं नाही.

"तू रोह्यालाच ऱ्हातेस ना?" ती म्हणाली. "मग मिरी भेटली तर एक सांगशील?"

"सांगेन."

"तिला सांग, पप्पा बोलले ते बोलले. ते नंतर रडले. आम्ही निघालो त्या दिवशी मी दार नुसतं लोटून ठेवलं व्हतं. कडी नव्हती घातली. म्हटलं, येईल पोर. ढकललं की उघडेल." आईने श्वास घेतला. "तिच्या वाट्याचा मलिदा झाकून ठेवला व्हता. एसटीची वेळ झाली तरी आली नाय. तिला वाटलं आसंल, बंद हाय. तिला सांग, नव्हतं."

मिरियमला पायरी आठवली, भांड्यांचा आवाज आठवला. एक हात पुढे केला असता तर.

"सांगते," ती म्हणाली. "ती आली होती. पायरीपर्यंत आली होती."

"आली व्हती?" आईने विचारलं.

"हो. पायरीवरनं परत गेली. दार बंद आहे असं वाटलं तिला."

आईने तिच्याकडे नीट बघितलं. ओळखलं की नाही ते मिरियमला कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही. आई फक्त म्हणाली, "आली व्हती तर." आणि मान मागे टेकून डोळे मिटले. होममधल्या बाईने फोन बंद केला.

दोन दिवसांनी तामारचा फोन आला, सकाळी, वेळ सोडून. मिरियमने उचलण्याआधीच ओळखलं.

घरी काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. दत्तात्रेयच्या चुलतभावाने विचारलं की दहावं करायचं काय. मिरियम म्हणाली की मी माझ्या आईचं आमच्या रीतीने करणार. तिला लहानपणी पेणला आजीच्या वेळचं आठवत होतं तेवढं तिने केलं. आरशावर चादर टाकली. साडीचा काठ थोडा फाडला. दिवा लावला आणि जमिनीवर बसली. सात दिवस बसायचं, घरात चूल पेटवायची नाही, भेटायला येणाऱ्यांनीच जेवण आणायचं. नगराध्यक्षांच्या घरात असं काहीतरी चाललंय म्हणून आधी दोघी-तिघी बिचकत आल्या. मग सगळेच येऊ लागले. वाण्याची बायको वरणभात घेऊन आली. वाडीतल्या बायका डोंगर उतरून आल्या आणि तिच्यासारख्याच भुईवर बसल्या. पारीने उकडलेली अंडी आणली होती. शेजारणींनी तिच्याकडे डोळे वटारले, तर मिरियम म्हणाली की राहू दे, आमच्यात दुःखाच्या घरी अंडीच देतात. पारीला हे ठाऊक नव्हतं. तिच्याकडे त्या दिवशी दुसरं काही नव्हतं म्हणून तिने आणली होती.

चौथ्या दिवशी जनू आला. काठी टेकत टेकत येऊन भिंतीला पाठ लावून बसला. मिरियमने त्याला आई दाराबद्दल काय म्हणाली ते सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, पण अष्टमीचं ते दार आठवणारा दुसरा माणूस आता रोह्यात उरला नव्हता.

जनू मान हलवत म्हणाला, "तो मलिदा मी खाल्ला. मी त्यांच्या ट्रंका उचलायला गेलतो. बाई ताटली घेऊन भायेर आली आन् म्हनली, मिरी नाय आली, तू खा. मला वाटलं, तुला ठावं आसंल."

"कसा होता?" मिरियमने विचारलं.

"ग्वाड व्हता," जनू म्हणाला. "लई ग्वाड व्हता."

तेव्हा मिरियम रडली. इतके दिवस फोनवर, व्हरांड्यात, बातम्या बघताना जे रडू अडलं होतं ते सगळं आलं. खोलीतल्या बायका तिच्या अंगाला न लागता तिच्याजवळ सरकून बसल्या. दत्तात्रेय दारात उभे होते. ते आत आले नाहीत.

दीड महिन्याने विमानं सुरू झाली. तामार फोनवर म्हणाली की आता येऊन तू काय करशील, आई तर नाय. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, नुसता थकवा होता. मिरियम म्हणाली, "तू हायस ना. मला तू बघायची हायस. तुझी दोन वेण्यांशिवायची आठवणच नाय माझ्याकडे." पलीकडे तामार पहिल्यांदा हसली. मग म्हणाली की निसीम विमानतळावर घ्यायला येईल. त्याने स्वतःहून विचारलं होतं, कुठल्या विमानाने.

निघण्याच्या दिवशी दत्तात्रेय गाडी चालवत होते. नागोठणं मागे पडलं, वडखळचा नाका गेला. पेण आलं तशी मिरियम म्हणाली की गावात थोडं वळवा, मला आमच्या सिनेगॉगमध्ये जायचंय. लग्न झाल्यापासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं. आपल्याला तिथे जायचा हक्क उरला नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं.

देखभाल करणारा म्हातारा व्हरांडा झाडत होता. त्याने विचारलं, कुठल्या आपण.

"रोह्याची. अष्टमकर."

"अष्टमकर तर केव्हाच गेले सगळे," तो म्हणाला.

"एक राहिली होती."

म्हाताऱ्याने झाडू भिंतीला लावला आणि कुलूप काढून दिलं. आत बाकं रिकामी होती, वर काचेची हंडी टांगलेली होती. आईसाठी दिवा लावायचा आहे असं तिने सांगितलं, तेव्हा त्याने तेल आणि काडेपेटी आणून दिली आणि तो बाहेर गेला. मिरियमने दिवा लावला. प्रार्थनेचे शब्द तिला येत नव्हते. मलिद्याच्या वेळी आई म्हणायची ते मराठी गाणं थोडं आठवलं, तेवढं तिने पुटपुटलं. मध्ये एक ओळ हरवली होती, ती सोडून पुढची म्हटली.

काही वेळाने दत्तात्रेय दारापर्यंत आले. चपला काढाव्यात की नाही हे न कळून ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"मिरियम," त्यांनी हळूच हाक मारली. "निघायचं ना? विमान आहे."

"आत या," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ बसू."

ते आले आणि तिच्या शेजारी बाकावर बसले. दिव्याकडे बघत दोघं तिथे बसून राहिली.